देहदानाचा अर्ज भरला, पुढे काय?

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी देहदानाचा संकल्प केला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. खुनाच्या प्रकरणात शवविच्छेदन टळत नाही आणि ते झालेला देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडत नाही. अखेर साताऱ्यात, धार्मिक विधींशिवाय, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अग्नी दिला तो मुलीने. एवढ्या ठाम माणसाचीही इच्छा अपुरी राहू शकते. अर्जावर सही केली की काम झाले, हा गैरसमज म्हणूनच सगळ्यात महागात पडतो.

सही करणारा त्या घडीला बोलायला नसतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करायचा असतो पत्नीने, मुलाने किंवा सुनेने. जवळच्या नातेवाइकांनी हरकत घेतली, तर महाविद्यालय वादात पडत नाही. त्यामुळे अर्ज कपाटात ठेवण्यापेक्षा घरात मोकळेपणाने बोलणे कितीतरी मोलाचे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे टाळले जाते.

देहदान आणि अवयवदान यांची तर सर्रास गल्लत होते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे मिळतात ती मुख्यतः मेंदू मृत झालेल्या रुग्णाकडून, अतिदक्षता विभागात. त्यासाठी १९९४चा वेगळा कायदा आहे. देहदान असते ते डॉक्टर घडवण्यासाठी. मोठे अवयव काढलेला देह महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत. डोळ्यांचे मात्र तसे नाही. साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान करून मग देहदानही करता येते.

‘अग्नी मिळाला नाही तर मोक्ष कसा?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो, त्याची टिंगल करू नये. पण अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथाही आपलीच. डोंबिवलीत देहदानाचे काम करणारे मंडळ त्यांचेच नाव लावते. जानेवारी २०१० मध्ये ज्योती बसूंचा देह कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाला दिला गेला. पुढच्याच महिन्यात चित्रकूटला नानाजी देशमुख गेले. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या या संघप्रचारकाचा देह दिल्लीच्या एम्सला मिळाला. एक कम्युनिस्ट, दुसरे संघाचे. या निर्णयाला श्रद्धा आड आली नाही की नास्तिकताही लागली नाही.

देहाची विटंबना होते, ही भीतीही खरी नाही. फॉर्मलिनसारख्या रसायनांनी देह टिकवला जातो, त्यावर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शिकतात. त्याआधी देहाचा मान राखण्याची शपथ अनेक महाविद्यालयांत घेतली जाते.

म्हातारपणाची आडकाठी नाही. नव्वदीतला देहही चालतो. एचआयव्ही, कावीळ ‘बी’ यांसारखा संसर्ग, पोलीस प्रकरण किंवा कुजू लागलेला देह असेल, तर नकार मिळतो. म्हणून अंत्यसंस्काराचा पर्यायही घरच्यांशी आधीच बोलून ठेवावा. मृत्यू घरी झाला, तर आधी डॉक्टरांचा दाखला घ्यावा आणि देह नेण्यापूर्वी महाविद्यालयाला फोन करावा. वेळ लागणार असेल, तर शीतपेटीची सोय करावी.