दाराआडची आगगाडी

लहानपणीं जो चावीच्या आगगाडीशीं खेळला नाहीं, किंवा निदान दुसऱ्याच्या घरची ती गाडी पाहून ज्याचा जीव तिच्यावर गेला नाहीं, असा माणूस शहरांत विरळाच. चावी दिली कीं पत्र्याचें तें इंजिन वाटोळ्या रुळांवरून चार फेऱ्या मारी आणि दमून थांबे. बहुतेकांचा हा खेळ शाळेच्या वयाबरोबर संपतो. पण जगांत असे हजारों लोक आहेत, कीं ज्यांचा तो कधींच संपत नाहीं. केस पिकले, नातवंडें झालीं, तरी हीं माणसें माळ्यावर, तळघरांत किंवा बागेच्या कोपऱ्यांत रूळ मांडून बसलेलीं असतात. आज मला त्यांच्या खेळाविषयीं थोडें, आणि त्या खेळानें उभ्या केलेल्या एका प्रश्नाविषयीं अधिक बोलावयाचें आहे. तो प्रश्न असा : एकाच छंदाच्या माणसांनीं आपल्यापुरतें भरविलेलें प्रदर्शन सर्व लोकांना खुलें करावें कीं नाहीं ?

वरवर पाहतां हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु बैठकीच्या गाण्याकडून तिकिटाच्या जलशाकडे वळतांना आपल्याकडेही हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहिला. दहा जाणत्या श्रोत्यांपुढें गाणें वेगळें आणि हजार अनोळखी माणसांपुढें गाणें वेगळें. पहिल्यांत खोली अधिक, दुसऱ्यांत पल्ला अधिक. कोणतें सोडावें आणि कोणतें धरावें, हें ठरविणें सोपें नसतें.

आधीं या खेळाची पूर्वपीठिका पाहूं. जर्मनींतील मार्क्लिन या खेळणी बनविणाऱ्या कारखान्यानें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत खेळण्यांतल्या रुळांचीं ठराविक मापें लोकांपुढें मांडलीं. मापें ठरलीं आणि खेळणें वाढत जाऊं लागलें. या वाढदिवसाला इंजिन, पुढच्याला दोन डबे, मग सांधा, मग फलाट, मग बोगदा. रुळांमधील ३२ मिलिमीटर अंतराचें जें माप पुढें रूढ झालें, तें मूळचें 'शून्य' क्रमांकाचें. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं त्या शून्याचा उच्चार 'ओ' असा केला आणि तेंच नांव कायम झालें. त्याच्या निम्म्याचें म्हणून 'एच्‌ओ' : रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर, आणि गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी.

अमेरिकेची कथा अधिक मौजेची आहे. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनेल कावेन या तरुणानें १९०० च्या सुमारास विजेवर चालणारी एक उघडी गाडी तयार केली. ती मुलांसाठीं नव्हती. दुकानाच्या काचेमागें ती फिरत राहावी, रस्त्यानें जाणाऱ्याचें लक्ष तिनें वेधावें, आणि त्यानें तिच्यांत ठेवलेल्या मालाकडे पाहावें, एवढाच तिचा उद्देश होता. झालें उलटेंच. गिऱ्हाइकें माल सोडून गाडीच मागूं लागलीं ! त्यांतून 'लायनेल' हा प्रचंड कारखाना उभा राहिला. त्याच्या रुळांची ओळख म्हणजे मधला तिसरा रूळ. त्यांतून इंजिनाला वीज मिळते आणि बाजूच्या दोन रुळांतून ती परत जाते. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हा कारखाना वैभवाच्या शिखरावर होता. नाताळच्या सकाळीं झाडाखालीं लायनेलची पेटी सांपडणें हें तेव्हांच्या कितीतरी अमेरिकन मुलांचें स्वप्न होतें.

याच सुमारास, १९५४ सालीं, पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील यार्डली या गांवीं जुन्या खेळण्यांतल्या गाड्या जमविणाऱ्यांनीं 'ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. तिच्या पूर्व विभागाचा मेळा त्याच राज्यांतील यॉर्क शहरीं जत्रेच्या मैदानावर वर्षांतून दोनदां, एप्रिलांत आणि ऑक्टोबरांत, भरूं लागला. त्याची ख्याति अशी, कीं या छंदांतल्या माणसानें नुसतें 'यॉर्क' म्हटलें तरी दुसऱ्याला शहर न आठवतां मेळाच आठवतो. मोठमोठ्या दालनांत टेबलांच्या रांगा, टेबलांवर पत्र्याच्या, ओतीव धातूच्या गाड्या, जुन्या पुठ्ठ्याच्या पेट्या, सुटीं चाकें आणि मोटारी. आणि त्यांवर वांकून, चष्मा कपाळावर सरकवून पाहणारीं हजारों माणसें. पण या मेळ्याला अनेक वर्षें एक अट होती. आंत जावयाचें तर सभासद असलें पाहिजे, नाहीं तर सभासदाबरोबर आलें पाहिजे. रस्त्यानें जाणाऱ्या कुतूहली मनुष्याला तेथें दार नव्हतें.

ही अट निव्वळ अहंकाराची होती असें मात्र समजूं नये. तिच्यामागें कारणें होतीं आणि तीं विचार करण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण विश्वासाचें. जुन्या गाडीची किंमत तिच्या अस्सलपणावर असते. कारखान्यांतला मूळ रंग कायम असलेलें इंजिन आणि मागाहून सफाईनें रंगविलेलें इंजिन नवख्या डोळ्याला सारखींच दिसतात. भावांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर पडतें. मूळ पेटी असेल तर किंमत आणखी चढते. म्हणून संस्थेनें वस्तूंची प्रतवारी ठरविली आणि तिला धरून खरें वर्णन करण्याचें बंधन सभासदांवर घातलें. खोटें बोलणाऱ्याला सभासदत्व गमवावें लागण्याचें भय असतें. बाहेरच्या माणसाला हें भय नाहीं. सराफकट्ट्यावर ओळखीच्या माणसाचा शब्द चालतो आणि अनोळखी माणसाकडून सोनें कस लावून घेतात, तसाच हा प्रकार.

दुसरें कारण वस्तूंच्या नाजूकपणाचें. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कांहीं गाड्यांचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. ओततांना त्या धातूंत शिशासारख्या अशुद्ध द्रव्याचा अंश राहिला असेल, तर वर्षानुवर्षें तो भाग आंतून कुजत जातो. फुगतो, तडकतो आणि एके दिवशीं बोटाच्या नुसत्या दाबानें त्याचा चुरा होतो. अशा वस्तूला पोराचा हात लागूं नये म्हणून मालकानें जिवाचा आटापिटा केला, तर त्याला दोष कसा द्यावा ?

तिसरें कारण संवादाचें. जाणकार जाणकाराला भेटला म्हणजे मुळारंभ शिकवावा लागत नाहीं. एका सांध्याच्या रचनेवर दोन तास बोलण्याचें सुख सर्वांना कळण्यासारखें नाहीं. सभा, संमेलनें, मैफली यांत रमणाऱ्या आपणां मंडळींना तें निराळें सांगावयास नको.

असें असतां दार उघडण्याचा विचार निघाला कोठून ? तो काळानें आणला. लायनेलच्या वैभवकाळीं जो मुलगा आठ वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरांत आहे. त्याच्या नातवाला त्या पेटीची आठवण नाहीं, कारण ती त्याच्या बालपणांत आलीच नाहीं. आठवणीवर उभा राहिलेला छंद आठवण असणाऱ्यांबरोबरच निघून जातो. नवा मनुष्य आंत यावयाचा तर आधीं त्यानें वस्तु पाहिली पाहिजे. आणि वस्तु पाहण्यासाठीं आधीं सभासद व्हावें लागत असेल, तर तो सभासद होणार कशासाठीं? हें कुलूप असें, कीं त्याची किल्ली आंतच राहिली आहे !

यॉर्कला यावर मधला मार्ग काढण्यांत आला. नवा माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कांहीं दालनांचीं दारें ठराविक दिवशीं सर्वांसाठीं खुलीं झालीं. सभासदांनीं आपसांत जुन्या वस्तूंची देवघेव करावयाचीं दालनें मात्र सभासदांचींच राहिलीं. आपल्या वाड्याच्या रचनेसारखीच ही व्यवस्था आहे. ओसरीवर कोणींही यावें, माजघरांत घरच्यांनीं. नवा माल घेणाऱ्याला फसवणुकीचें भय थोडें असतें आणि गर्दीनें त्या मालाचें नुकसानही होत नाहीं. म्हणून दार कोठें उघडावें, याचा हा निवाडा मला शहाणपणाचा वाटतो.

इंग्लंडांत मात्र पूर्वींपासून निराळी चाल आहे. लंडनचा 'मॉडेल रेल्वे क्लब' १९१० सालचा, म्हणजे अशा मंडळांत फार जुना. तिकडचीं मंडळें सभासदांचींच असतात, पण त्यांचें वार्षिक प्रदर्शन सर्वांसाठीं असतें. दारावर तिकीट लावावें, आलेल्या पैशांतून मंडळाच्या खोलीचें भाडें आणि नव्या लांकडाचा खर्च भागवावा, असा तो रोखठोक व्यवहार आहे. बीकन्सफील्ड येथें रोलंड कॅलिंगहॅम नांवाच्या हिशेबतपासनिसानें तर आपल्या बागेंतच, स्वतःच्या आणि पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं, छोटें गांव आणि त्यांतून धांवणारी आगगाडी उभारली. १९२९ सालीं तें 'बेकनस्कॉट' सर्वांसाठीं उघडलें आणि त्याच्या उत्पन्नांतून धर्मादाय कामांना पैसा मिळूं लागला. पाहुण्यांसाठीं केलेला खेळ अशा रीतीनें परोपकाराचें साधन बनला.

परंतु दार उघडणें म्हणजे नुसती कडी काढणें नव्हे. खेळाची रीतच थोडी बदलावी लागते. मंडळाचे सभासद आपसांत गाड्या चालवितात, तेव्हां खऱ्या रेल्वेप्रमाणें वेळापत्रक असतें. मालगाडी बाजूच्या रुळावर घ्यावी, समोरून डाकगाडी येईपर्यंत तिला थांबवावी, सिग्नल पडला कीं सोडावी. चालविणाऱ्याला त्या थांबण्यांतच रस असतो. पाहणाऱ्या पोराला मात्र दहा मिनिटें हालचाल न करणारी गाडी दिसते आणि तें आईचा पदर ओढूं लागतें. म्हणून प्रदर्शनासाठीं बांधलेल्या देखाव्यांत डोंगराच्या किंवा घरांच्या चित्राआड एक लपलेलें यार्ड ठेवतात. तें नाटकांतल्या विंगेसारखें असतें. एक गाडी बोगद्यांत शिरून आड झाली कीं विंगेंत तयार उभी असलेली दुसरी बाहेर येते. रंगमंच रिकामा राहत नाहीं. चाकें रुळांतूनच वीज घेतात. रुळांवर धूळ बसली तर इंजिन अडखळतें, म्हणून दारें उघडण्यापूर्वीं सर्व रूळ पुसून घ्यावे लागतात. कठडा असा हवा, कीं मोठ्यांचे हात आंत जाऊं नयेत आणि लहानांचे डोळे बाहेर राहूं नयेत. शेवटीं, गाडी चालविणाऱ्याखेरीज नुसतें बोलणारा एक मनुष्य निराळा नेमावा लागतो. कारण पाहुण्याचे प्रश्न शंभर असतात आणि ज्याचें चित्त सांध्यावर आहे त्यानें उत्तर देऊं नये, हेंच बरें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याला मी दोन माणसांची हकीकत सांगेन. कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें जॉन ॲलन नांवाच्या गृहस्थानें आपल्या घराच्या तळघरांत 'एच्‌ओ' मापाची एक अद्भुत आगगाडी उभारली होती. जमिनीपासून छतापर्यंत गेलेले डोंगर, खोल दऱ्या, त्यांवरचे पूल. छंदांतल्या मंडळींत तिची कीर्ति मोठी; पण ती लोकांनीं पाहिली बहुतेक मासिकांतल्या छायाचित्रांतच. प्रत्यक्ष पाहण्याचें भाग्य घरीं आलेल्या पाहुण्यांचें. १९७३ च्या जानेवारींत ॲलन वारला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घराला आग लागून तिचा फार मोठा भाग नष्ट झाला. दुसरा जॉन ॲहर्न. हा इंग्रज. त्यानेंही घरांतच 'मॅडर व्हॅली' नांवाची एक काल्पनिक दरी आणि तिच्यांतून जाणारी लहानशी रेल्वे निर्माण केली. तो १९६१ सालीं गेला. पण त्याची ती दरी 'पेंडन' नांवाच्या संग्रहालयांत सुरक्षित राहिली. तें संग्रहालय रॉय इंग्लंड या गृहस्थानें १९५४ सालीं, जुन्या ग्रामीण इंग्लंडच्या प्रतिकृति सर्वांना पाहावयास मिळाव्यात म्हणून सुरू केलें होतें. आग कोणत्याही घराला लागूं शकते, हें खरें. पण जी वस्तु एकाच्या मालकीची असते तिची काळजी एकच माणूस वाहतो, आणि जी पुष्कळांच्या डोळ्यांपुढें असते तिला पुष्कळ वाली मिळतात, हेंही तितकेंच खरें.

आणि यासाठीं सातासमुद्रांपलीकडेच पाहावयास पाहिजे असें नाहीं. पुण्यांत कोथरूडच्या बाजूला भाऊ जोशी यांनीं छंदापायीं जमविलेल्या आणि घडविलेल्या छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं सर्वांसाठीं उघडण्यांत आलें. एका माणसाचा छंद होता, तो शहराचा ठेवा झाला. मे महिन्याच्या सुटींत आपल्या भाच्यापुतण्यांना तेथें घेऊन जाणाऱ्या मंडळींपैकीं बहुतेकांना रुळांचीं मापें माहीत नसतील. त्यांचें कांहींएक अडत नाहीं. त्या पोरांतलें एखादें घरीं येऊन काड्यापेट्यांचे डबे जोडावयास बसलें, तरी संग्रहालयाचें काम झालें.

तेव्हां माझें मत असें. जेथें वस्तूचा अस्सलपणा आणि शब्दाचा विश्वास हाच व्यवहाराचा पाया आहे, तेथें सभासदत्वाची अट राहूं द्यावी. तीं दालनें लोकांपासून नव्हे, लबाडीपासून बंद असतात. परंतु गाड्या जेथें धांवतात, तेथला दरवाजा उघडाच असला पाहिजे. या खेळाचा अमेरिकन जन्म आठवा. दुकानाच्या काचेमागें, रस्त्यानें जाणाऱ्या कोणाही माणसाला दिसावी म्हणून ती पहिली गाडी फिरूं लागली होती. काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या पोरापाशीं सभासदत्वाचा दाखला नव्हता. त्याच्यामुळेंच पुढें सभासद झाले. तें पोर आजही बाहेर उभें आहे. त्याला आंत घ्यावें.