फुटाला पाच हजार

हिंगोलीतल्या गॅरेजात एमएच-38 पासिंगची जुनी मारुती व्हॅन किंवा 'आठशे' येते, तेव्हा तिचं इग्निशन कंपनीने दिलं तसं उरलेलं असेलच असं नाही. कुणी गॅस किट बसवलेलं असतं, कुणी डिलकोतले (म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक सर्किट घातलेलं असतं, कुणी जास्त ताकदीची कॉइल लावलेली असते. तीन सिलिंडरच्या या 796 सीसी इंजिनाला प्लगच्या वायरी मात्र चारच लागतात: कॉइलपासून डिलकोपर्यंत एक आणि तिथून प्लगांकडे तीन. गाडी मिसिंग मारायला लागली, चढावर पिकअप सोडू लागली की मालकाची नजर दुकानात टांगलेल्या जाड, लाल सिलिकॉन वायरीवर जाते. जाड वायर म्हणजे जोरदार ठिणगी, हा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. वायर ठिणगीत काही भर घालत नाही. कॉइलने दिलेलं वाटेत गळू न देता प्लगपर्यंत नेणं एवढंच तिचं काम. सात मिलिमीटर आणि साडेआठ मिलिमीटर वायरीतला फरक बहुतेक वरच्या वेष्टनाचा असतो. म्हणून निवड करायची ती दोन गोष्टींवर, आतल्या रेझिस्टन्सवर आणि बाहेरच्या वेष्टनावर.

साध्या कार्बन वायरीचा रेझिस्टन्स फुटाला साधारण पाच हजार ओहम असतो. हा आकडा ऐकून मालक दचकतात, कारण घरच्या वायरिंगच्या हिशेबाने तो भयंकर वाटतो. पण ठिणगी पडण्याआधी वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे प्लगच्या फटीपाशी दहा-पंधरा हजार व्होल्ट साठेपर्यंत हा रेझिस्टन्स फारसा आडवा येत नाही. ठिणगी पडल्यावर वाहणारा करंटही काही दशक मिलिअँपियरचाच. पन्नास मिलिअँपियर धरले तरी फूटभर वायरीत अडीचशे व्होल्ट खर्च होतात. कॉइलच्या ताकदीपुढे ते किरकोळ आहेत. मग तांब्याचीच वायर का नको, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पॉइंटच्या काळात तांब्याच्या वायरींवर गाड्या वर्षानुवर्षं चालल्या. पण उघड्या तांब्यातून उडणारी ठिणगी रेडिओलहरी फेकते. पॉइंटला त्याचं काही वाटत नसे, डिलकोत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला वाटतं. ते भलत्या क्षणी ठिणगी सोडू शकतं, आणि मग दोष कॉइलवर जातो. फुटाला पाच हजार हा दोष नसून या लहरींचा बंदोबस्त आहे. प्लगच्या नंबरात 'आर' असेल तर प्लगच्या पोटातही तेवढाच, पाचेक हजारांचा रेझिस्टन्स मुद्दाम घातलेला असतो. हे लक्षात घेऊन कमी रेझिस्टन्स हवाच असेल तर बारीक तारेचे वेटोळे असलेली वायर घ्यावी. तिचा रेझिस्टन्स फुटाला काही शेकड्यांतच राहतो आणि रेडिओलहरीही वेटोळ्यातच दबतात.

गॅसवर चालणाऱ्या गाडीत वेष्टनाचं महत्त्व दुप्पट होतं. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि प्लगची फट झिजून वाढली की आणखी. पेट्रोलवर कशीबशी तग धरलेली वायर गॅसवर हमखास गळते: प्लगपर्यंत जाण्यापेक्षा वेष्टनाच्या तड्यातून शेजारच्या लोखंडावर उडी मारणं करंटला सोपं जातं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची धग. साधं रबर कडक होऊन तडकतं. इथे सिलिकॉनचे पैसे वसूल होतात, रंगाचे नव्हेत.

या कामातला खरा कस तपासणीत लागतो. चांगला मिस्त्री वायर ओढून काढत नाही. टोपीला धरून, किंचित पिळून सोडवतो, कारण आतला कार्बनचा धागा ताणाने टोकाशी तुटतो. मग मीटर लावतो. फूटभर वायरीला पाच हजारांच्या आसपास आकडा आला तर ठीक. काटा हललाच नाही तर धागा तुटलेला आहे. तुटलेल्या वायरीवरही गाडी चालते, ठिणगी तुटलेल्या जागेवरून उडी मारून पुढे जाते, आणि प्रत्येक उडीनिशी ती जागा जळून रुंदावते. म्हणून 'चालतेय ना' या आक्षेपात तथ्य नाही. त्याची किंमत कॉइल मोजते. पण मीटर वेष्टनाचं काहीच सांगत नाही, त्याच्या बॅटरीला गळती दिसत नाही. त्यासाठी अंधार हवा. शटर ओढून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळकी वायर स्वतःच सांगते: काळ्या रबरावर निळसर रेघ थरथरते, चट-चट आवाज येतो आणि ओझोनचा तिखट वास नाकात भरतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की बॉनेट उघडताच तो आधी जाणवतो. त्या क्षणी वायरीला हात लावायचा नसतो.

उरलं ते लांबीचं. कॉइलची जागा बदललेल्या गाडीत तयार सेट कधी ताणला जातो, कधी मॅनिफोल्डवर लोळतो. तिथे मापाने कापून, दोन्ही टोकांच्या क्लिपा हत्याराने नीट दाबून केलेली साधी कार्बन वायर महागड्या तयार सेटपेक्षा जास्त टिकते. गॅसच्या गाडीत तीच सिलिकॉन वेष्टनाची घ्यावी, आणि प्लगची फट कमी करून मगच इंजिन सुरू करावं.