भुताआधी पंखा तपासा

रात्रीच्या शांततेत रेकॉर्डर लावून मृतांचे आवाज टिपू पाहणारी पथकं जगभर आहेत. बंद इस्पितळं, जुने कारखाने, प्रयोगशाळा या त्यांच्या आवडत्या जागा. हे आवाज येतात कुठून? आणि कामाच्या ठिकाणी कुणाला ते ऐकू आले, तर आधी काय करायचं?

तपासाची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते. दिवसपाळीची माणसं पांगली की पथक आत शिरतं. दिवे मालवले जातात, टेबलावर रेकॉर्डर ठेवला जातो आणि कुणीतरी मोठ्याने विचारतं, "इथे कुणी आहे का? तुमचं नाव काय?" मग काही क्षण सगळे गप्प. उत्तर त्या वेळी कानावर पडत नाही. ते नंतर सापडतं. हेडफोन लावून, तोच तुकडा मागेपुढे फिरवून, खरखरीतून एखादा शब्द वेचला जातो. अशा आवाजांना 'इलेक्ट्रॉनिक व्हॉइस फिनॉमेनन', थोडक्यात ईव्हीपी, असं नाव आहे.

एखाद्या पडक्या वाड्यात हा खेळ रंगला तर फार बिघडत नाही. पण जिथे माणसं पोटासाठी राबतात, तिथे भुताची वदंता उठली की तिच्यामागे कुणाची तरी खरीखुरी भीती असते. त्या भीतीची टर उडवणं जितकं चूक, तितकंच तिला भूत म्हणून मोकळं होणंही चूक.

पक्ष्यांच्या टेपवर माणसांचे आवाज

या शोधाची सुरुवात १९५९ साली स्वीडनमध्ये झाली असं मानतात. फ्रीड्रिख युर्गेन्सन हे चित्रकार रानातल्या पक्ष्यांचा किलबिलाट टेपवर घेत होते. टेप ऐकताना त्यांना त्यात माणसांचं बोलणं ऐकू आलं. पुढे आपल्या दिवंगत आईचा आवाजही ऐकल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांचं लेखन वाचून लाटव्हियात जन्मलेले कॉन्स्टँटिन राउडिव्ह या कामाकडे वळले. जर्मनीत राहून त्यांनी अशी हजारो मुद्रणं जमवली. त्यांचं पुस्तक १९७१ साली इंग्रजीत आलं आणि हा छंद युरोप-अमेरिकेत पसरला.

राउडिव्ह यांच्या आवाजांची एक खासियत होती. ते तुटक असायचे आणि एकाच वाक्यात लाटव्हियन, जर्मन, रशियन, स्वीडिश अशा भाषांची सरमिसळ असायची. त्यांच्या मते ही परलोकाची बोली होती. टीकाकारांनी मात्र बोट ठेवलं ते ऐकणाऱ्याच्या कानावर. राउडिव्ह यांना स्वतःलाच अनेक भाषा येत होत्या. कुठलाही अस्पष्ट आवाज घेतला तर त्यातल्या एखाद्या भाषेत तो बसणारच.

आता टेपची जागा डिजिटल रेकॉर्डरने घेतली आहे आणि सोबतीला 'स्पिरिट बॉक्स' आला आहे. हे यंत्र रेडिओची केंद्रं झपाझप बदलत जातं. बातम्या, गाणी, जाहिराती यांचे तुकडे त्यातून सतत बाहेर पडतात. अशा यंत्राला प्रश्न विचारला की त्यातून एखादा शब्द येणारच, आणि तो उत्तरासारखा वाटणारच.

पावशा काय म्हणतो?

हे का होतं, ते समजायला आपल्या शिवारातला पावशा पुरेसा आहे. मृगाच्या तोंडावर त्याचा आवाज आला की मराठी शेतकऱ्याला स्पष्ट ऐकू येतं, 'पेर्ते व्हा'. हिंदी मुलखात तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो, तर इंग्रजांना तो 'ब्रेन फीव्हर' ओरडताना ऐकू आला. पक्षी तोच, सूर तोच. ऐकणाऱ्याच्या मनात जे घोळत असतं, त्याचे शब्द त्या सुरावर चढतात.

मेंदूची ही सवय प्रयोगांतूनही दिसली आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली निरर्थक स्वरांच्या मंद ध्वनिमुद्रिका लोकांना पुन्हा पुन्हा ऐकवल्या. लोकांना त्यात अर्थपूर्ण शब्द ऐकू आले. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना तो गाळलेला ध्वनीही जागच्या जागी ऐकू आला. मेंदूने तो स्वतःच भरून काढला होता.

यात वेडेपणा काही नाही. गर्दीत, गोंगाटात, अर्धवट ऐकूनही आपण एकमेकांचं बोलणं समजू शकतो ते याच कौशल्यामुळे. मात्र "ऐका, इथे 'बाहेर जा' असं म्हटलंय" असं आधीच सांगून टेप लावली, की तेच कौशल्य आपल्याला फसवतं. म्हणून पारखायची पद्धत साधी आहे. तुकडा अनोळखी माणसांना, काहीही न सांगता ऐकवायचा आणि प्रत्येकाने काय ऐकलं ते वेगवेगळं लिहून घ्यायचं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ इमांट्स बारुश यांनी ईव्हीपीचा प्रयोग करून पाहिला. सुमारे ६० तासांच्या मुद्रणात आवाजासारखं काही काही सापडलं, पण ते परलोकातून आलं असं म्हणण्याजोगं काहीच नव्हतं. २००१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कॉव्हेंट्रीची प्रयोगशाळा

पण रेकॉर्डरशिवायही माणसांना काहीतरी जाणवतं, त्याचं काय? इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत व्हिक टँडी हे अभियंते वैद्यकीय उपकरणं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. लांबट, चिंचोळी जागा. तिथे भूत आहे अशी कुजबुज होती. साफसफाई करणारी एक बाई भेदरून निघून गेली होती. एकदा टँडी शेजारीच उभे आहेत असं समजून एक सहकारी त्यांच्याशी बोलायला वळला. टँडी होते खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

एका रात्री टँडी एकटेच काम करत होते. अंगाला घाम फुटला, मानेवरचे केस उभे राहिले. डाव्या डोळ्याच्या कडेला एक करडी आकृती हळूहळू उभी राहिली. धीर करून त्यांनी मान वळवली तशी ती विरून गेली. तत्पूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती, ती प्रत्येक तपासकाने लक्षात ठेवावी. गॅसच्या बाटल्या गळत नाहीत ना, ते त्यांनी पाहून घेतलं होतं.

टँडी तलवारबाजी खेळायचे. दुसऱ्या दिवशी स्पर्धेसाठी त्यांनी आपली तलवार दुरुस्तीला प्रयोगशाळेत आणली, पातं शेगड्यात घट्ट आवळलं आणि ते तेल शोधायला गेले. परतले तेव्हा पात्याचं मोकळं टोक थरथर कापत होतं. हात कुणीच लावला नव्हता. टँडी आदल्या रात्रीसारखेच दचकले, पण या वेळी त्यांच्यातला अभियंता जागा झाला. शेगडा खोलीभर सरकवत त्यांनी पाहिलं. खोलीच्या मध्यभागी थरथर सर्वांत जास्त होती आणि टोकांकडे ती थांबत होती.

म्हणजे खोलीत ध्वनीची एक स्थिर लहर उभी होती. तिची वारंवारिता निघाली सुमारे १९ हर्ट्झ. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० हर्ट्झपासून सुरू होते, म्हणून हा आवाज ऐकू येत नव्हता. गणितही जुळत होतं. १९ हर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत सुमारे १८ मीटर भरते. त्याच्या निम्मे म्हणजे ९ मीटर, आणि जवळपास तेवढीच त्या खोलीची लांबी. उगम होता हवा बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेत नुकताच बसवलेला पंखा. त्याची बैठक बदलली आणि लहर गेली. टँडी यांनी टोनी लॉरेन्स यांच्यासोबत हा शोध १९९८ साली लंडनच्या 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च'च्या नियतकालिकात मांडला.

याचा अर्थ प्रत्येक भुतामागे पंखा असतो असा नाही. लंडनमध्ये क्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी एका खोलीत कानाला ऐकू न येणारे खालच्या वारंवारितेचे ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रं सोडून ७९ जणांना आत पाठवलं. अनेकांना विचित्र अनुभव आले, पण यंत्रणा चालू की बंद याच्याशी त्यांचा मेळ बसला नाही. सूचनेला चटकन बळी पडण्याची वृत्ती हेच कारण जास्त पटण्याजोगं ठरलं. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. टँडी यांच्याकडून घ्यायचं ते त्यांचं उत्तर नव्हे, त्यांची रीत.

भट्टीतलं भूत

ही रीत जीव वाचवू शकते. विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी १९२१ साली एका कुटुंबाची हकिकत नोंदवली. त्यांच्या घरात पावलं वाजत, आवाज ऐकू येत, आकृत्या दिसत. डोकेदुखी आणि थकवा तर नित्याचाच. शेवटी घर उबदार ठेवणारी भट्टी बिघडल्याचं आढळलं. तिचा कार्बन मोनॉक्साइड घरात भरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं गेली. या कुटुंबाने फक्त मांत्रिक बोलावला असता, तर?

सूक्ष्मदर्शकाखालचं भूत

कधी कधी मात्र बिघाड यंत्रात नसतो. मलेशियात १९७०च्या दशकात परदेशी कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक्स कारखाने उभे राहिले. खेड्यांतून आलेल्या तरुण मुली तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बारीक तारा जोडत. त्यांतल्या काहींना भिंगाखाली भुतं दिसायची, त्या किंचाळत, झपाटल्यासारख्या करत. १९७८ मध्ये सुंगाई वे इथल्या एका अमेरिकी कारखान्यात सुमारे १२० जणींना एकदम असा त्रास झाला. कारखाना तीन दिवस बंद ठेवावा लागला. 'बोमोह' म्हणजे तिथला मांत्रिक बोलावून आवारात बकऱ्याचा बळी देण्यात आला.

मानववंशशास्त्रज्ञ आय्हवा ओंग यांनी अशा कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींचा अभ्यास केला आणि १९८७ साली पुस्तक लिहिलं. पाळ्या, उत्पादनाचं लक्ष्य, मुकादमाची सततची नजर, गावाकडच्या आयुष्यापासून तुटलेपण या सगळ्याविरुद्धचा कोंडलेला राग त्या किंचाळण्यातून बाहेर पडत होता, असं त्या सांगतात. त्या मुलींकडे तक्रार करायला दुसरी भाषा नव्हती. व्यवस्थापनाकडे बळीचा खर्च करायची तयारी होती, कामाची पद्धत बदलायची नव्हती.

शिस्त हीच श्रद्धा

महाराष्ट्राला हे नवं नाही. कपडे आपोआप पेटतात, दगड पडतात अशा 'भानामती'च्या तक्रारींचा छडा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लावला. त्यामागे बहुधा घरातलंच कुणीतरी मनाने कोंडलेलं माणूस आढळायचं, आणि त्याला उघडं न पाडता सावरणं हा त्या कामाचा भाग होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हा मार्ग दाखवला. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला.

तेव्हा कामाच्या जागी कुणी "इथे आवाज येतात" म्हणालं, तर त्याला तक्रारीचा दर्जा द्यावा. आधी हवा, गॅस, धूर आणि पंखे तपासावेत. मग पाळ्या आणि झोप. मग वरिष्ठांची वागणूक. आवाज मुद्रित करायचा असेल तर जरूर करावा, पण तो अनोळखी कानांना काहीही न सांगता ऐकवावा. आपलं म्हणणं खोटं ठरू शकेल अशी वाट मोकळी ठेवूनच तपास करावा. ज्याला भीती वाटली तो माणूस मात्र पहिल्या दिवसापासून खरं बोलतोय असंच धरून चालावं. त्याच्या अनुभवाचं कारण शोधणं हे आपलं काम आहे, त्याची परीक्षा घेणं नव्हे.