लाकडी वॉटर स्की : मूळ रूपातच खरे मोल

मोटारबोटीमागे दोर धरून पाण्यावरून वेगाने सरकण्यासाठी पायांत अडकवायच्या लाकडी फळ्या अमेरिकेत आज संग्रहाचा विषय झाल्या आहेत. १९४० ते १९६० च्या दशकांतील वॉटर स्की संग्राहक आवर्जून शोधतात. जुनी वस्तू पुरावा म्हणून किती मोलाची ठरते, हे या खेळाच्या इतिहासातच दिसते.

मिनेसोटा राज्यातील राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने १९२२ मध्ये लेक पेपिन सरोवरावर हा प्रयोग प्रथम यशस्वी केला. त्यासाठी त्याने सुमारे ८ फूट लांबीच्या फळ्यांची टोके उकळत्या पाण्याने मऊ करून वर वळवली होती. त्याने पेटंट मात्र घेतले नाही. १९२५ मध्ये ते फ्रेड वॉलर यांना मिळाले आणि सॅम्युएलसन विस्मृतीत गेला. १९६३ मध्ये लेक सिटी येथे टांगून ठेवलेली त्याची जुनी स्की एका महिला पत्रकाराच्या नजरेस पडली. त्यानंतर १९६६ मध्ये अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्याला आद्य प्रवर्तक म्हणून मान्यता दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारबोटींचा प्रसार वाढला. फ्लोरिडातील सायप्रस गार्डन्स उद्यानाच्या जलक्रीडा प्रयोगांनी या खेळाला घरोघरी पोहोचवले. त्या काळातील स्की प्रामुख्याने अ‍ॅश, महोगनी यांसारख्या लाकडांच्या असत. पुढे फायबरग्लास आले आणि लाकूड मागे पडले.

संग्राहक प्रथम जोडी मूळचीच आहे का, हे पाहतात. निर्मात्याचे चिन्ह, रबरी पादबंध, धातूचे स्क्रू आणि तळाची उभी पट्टी शाबूत असल्यास मोल वाढते. एकाच स्कीवर दोन्ही पायांसाठी पादबंध असतील, तर ती नागमोडी शर्यतीची होय; आखूड व तळाला पट्टी नसलेली स्की कसरतीसाठी असते.

जुने वॉर्निश घासून नवा रंग देणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह ठरतो, कारण त्यासोबत निर्मात्याचे चिन्हही पुसले जाते. उष्णतेने रबर तडकते, तर दमटपणाने लाकूड वाकते. म्हणून सावलीची, कोरडी जागा योग्य.

अनेक जोड्या आज कापून मांडण्या किंवा खुंट्या बनवल्या जातात. सॅम्युएलसनच्या स्कीचेही तसेच झाले असते, तर त्याचा दावा सिद्ध करणारा महत्त्वाचा पुरावा उरला नसता.