चुकीच्या गावी गेलेले पत्र



वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे जुने नाव सेगाव. १९३६ साली महात्मा गांधी तिथे राहायला आले आणि त्या लहानशा गावाला देशोदेशींचे टपाल येऊ लागले. पण वऱ्हाडात गजानन महाराजांचे शेगाव आधीपासून होतेच. इकडची पत्रे तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचे नाव बदलून सेवाग्राम ठेवावे लागले.

ते टपाल चुकले तरी फिरून योग्य घरी पोहोचू शकत होते. आज आपल्या मोबाईलवरून सुटलेल्या मजकुराचे तसे नाही. आपण तो पुसून टाकेपर्यंत दहा जणांनी पुढे ढकललेला असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला ही म्हण जुनीच. आता जिभेचे काम अंगठा करतो, एवढाच फरक.

याची किंमत किती असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ साली मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज गावोगाव फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे बाजारासाठी जमलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. त्यांतील बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची. टोळी वगैरे काही नव्हती. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांतील बहुतेकांनी काठी हातातही धरली नसेल. ‘सावध राहा’ एवढेच सांगायचे होते, असेच ते म्हणतील. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. कंपनीने बांध घातला खरा, पण पाणी सोडणारा हात आपलाच आहे.

मग काय, गप्पच बसायचे? अन्याय दिसला तरी बोलायचे नाही? तसे मुळीच नाही. गांधीजी सोमवारी मौन पाळीत. काही सांगणे जरूर असेल तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देत. पण याच वर्ध्यात जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला, तो त्यांच्याच प्रेरणेने. मोजके बोलणारा माणूस भित्रा असतो, हा समज खोटा आहे. २३ जुलै १९३९ रोजी त्यांनी हिटलरला युद्ध टाळण्याबद्दल पत्र लिहिले. मायना होता ‘प्रिय मित्र’, आणि मजकूर थोड्याच ओळींचा. सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिले नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्यात शिवी नव्हती आणि लाचारीही नव्हती.

आता आपल्या घरचे पाहू. हंगाम सुरू झाला की गटागटांतील व्हॉट्सॲप ग्रुप तापतात. कुणाची तोड आधी आली, कुणाचा ऊस वाळला, काट्यात घट आली. यातली तक्रार खरी असू शकते. मग वजनाची पावती घ्या, तारीख-वेळ टिपा, शेतकी विभागाकडे लेखी द्या, आणि दाद लागली नाही तर वार्षिक सभेत उभे राहून विचारा. तो सभासदाचा हक्कच आहे. पण पावती न बघता ‘अमका चोर’ असे लिहिले, तर त्या माणसाची मुलगी शाळेत जाते, बायको विहिरीवर जाते, त्यांनाही ते ऐकावे लागते. आणि उद्या हिशेब बरोबर निघाला, तर खरी तक्रार घेऊन येणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. निवडणुकीत तर भावकी तुटेपर्यंत मजल जाते. पॅनेल पाच वर्षांचे असते, बांध मात्र जन्माचा असतो.

म्हणून चार गोष्टी पाळून पाहाव्यात. बातमी कुठून आली ते विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. रागात लिहिलेले रात्रभर ठेवावे, सकाळी वाचावे. जे समोरासमोर, चावडीवर म्हणता येणार नाही, ते मोबाईलवर लिहू नये. आणि चूक झालीच, तर ज्या ग्रुपवर लिहिले त्याच ग्रुपवर दुरुस्ती करावी. एकट्याला गाठून हळूच माफी मागणे पुरेसे नाही.

उसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय गव्हाणीकडे जात नाही. शब्दालाही तेवढा काटा लावायला आपल्याला अर्धा मिनिट पुरतो.