नेमून दिलेली चित्रं आणि आपली चित्रं

मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात चित्र यायचं ते कॅलेंडरवरून, मासिकाच्या मुखपृष्ठावरून, जाहिरातीतून. मुळगावकर, दलाल या चित्रकारांची नावं त्यामुळेच कोकणात घरोघरी ठाऊक. पोटासाठी काढलेल्या या चित्रांना कलेच्या पंगतीत मागचं पान का, हा प्रश्न माझ्या मनात कितीतरी वर्षं आहे. त्याचं सर्वांत ठाम उत्तर मला चित्रकार रवी परांजपे यांच्या आयुष्यात सापडलं.

१९३५ साली बेळगावात जन्म, चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे शिक्षण, मग मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाचा कलाविभाग, रतन बात्रांचा स्टुडिओ, पुढे नैरोबी. ही वाटचाल ‘ब्रश मायलेज’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचायला मिळते.

मला खिळवून ठेवतं ते त्यांचं वास्तुचित्रण. संगणक येण्याआधी न बांधलेली इमारत गिऱ्हाइकाला दाखवायची तर चित्रकारच लागे. त्याच्या हाती वास्तुविशारदाचे नकाशे आणि मापं, एवढंच. त्यावरून क्षितिजरेषा ठरवायची, लांब जाणाऱ्या रेषा कुठे मिळतात तो बिंदू धरायचा, ऊन कुठून येतं ते पाहून सावल्या टाकायच्या, मग झाडं आणि माणसं. मुदत ठरलेली, पसंती दुसऱ्याची. जे अजून नाही ते पटेल असं रंगवणं ही कल्पनाशक्तीचीच कसोटी, आणि परांजपे तिला वर्षानुवर्षं उतरले.

पुढे पुण्यात त्यांनी स्वतःच्या चित्रांना वाहून घेतलं. स्त्रिया, झाडं, पक्षी. लयदार रेषा, नक्षीदार रंगपट, लघुचित्रांच्या परंपरेशी उघड नातं. या चित्रांतली रेषा ठाम आहे, कारण ती आयुष्यभर कामाला जुंपलेली होती.

भांडण सुरू होतं ते इथे. आपल्या आधुनिकतावाद्यांनी पाश्चात्त्यांचं अनुकरण करताना कौशल्य आणि लालित्य दोन्ही टाकून दिली, असं परांजपे लिहून-बोलून सांगत राहिले. याच आधुनिकतावाद्यांतल्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की हा आरोप सरसकट पटत नाही; ती शांतताही कसबातूनच आलेली आहे. पण बोधचित्रकाराला दुय्यम लेखण्याची आपली सवय खोटी आहे, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा वेगळा विभाग झाला. शिकवण्याची ती सोय होती. आपण तिची उतरंड करून टाकली.

परांजपे ११ जून २०२२ रोजी पुण्यात गेले. त्यांच्या आयुष्याचे ‘जाहिरातीचा काळ’ आणि ‘खऱ्या चित्रांचा काळ’ असे दोन तुकडे करणारा कलेतिहास अपुरा आहे. दुसऱ्या काळाची शिदोरी पहिल्यानंच बांधून दिली. कलाशाळांनी ‘ब्रश मायलेज’ पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावं.