बंद कारखान्याची जमीन : सौद्याआधी माती-पाणी तपासा

परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे संच आले. हे जुने संच आता बंद झाले असून २५० मेगावॅटचे तीन संच राहिले आहेत. पण संच बंद पडला म्हणून त्याची राख नाहीशी होत नाही. आपल्याकडील कोळशाच्या शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. अशा राखेतून सल्फेट, बोरॉन, क्वचित आर्सेनिकही पाण्यात उतरू शकते. परळीची प्रत्येक विहीर खराब आहे, असा याचा अर्थ नव्हे. तपासल्याशिवाय पाण्याला चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

हीच गोष्ट बंद जिनिंग, तेलगिरणी किंवा रंगकामाच्या जागेला लागू आहे. गोदामासाठी अशी जागा स्वस्तात मिळते, म्हणून आपले व्यापारी बंधू सातबारा पाहून बयाणा देतात. सातबारा मालक सांगतो, जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगत नाही.

बीड जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ आहे. पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत राहते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी, त्यातील घाणीसह, त्या वाटेने झपाट्याने खाली जाते. म्हणून एका बोअरचे पाणी स्वच्छ निघाले तरी शेजारची विहीर बिघडलेली असू शकते.

तपास कसा करावा? प्रथम जुन्या कामगारांना विचारून टाकी, बॉयलर आणि सांडपाण्याची नाली कोठे होती ते नकाशावर मांडावे. तेथे खड्डे घेऊन वेगवेगळ्या खोलीची माती काढावी. तुलनेसाठी दूरच्या शेतातील मातीही घ्यावी. पाणी चढाच्या आणि उताराच्या अशा दोन्ही बाजूंच्या विहिरींचे, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा नंतर तपासावे. रंगकामाची जागा असेल तर क्षार व क्रोमियम पाहावे, डिझेलची टाकी असेल तर तेल. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. आर्सेनिकची मर्यादा फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. खारे पाणी जिभेला कळते, कापडाचा रंगही बिघडवते. आर्सेनिकला मात्र ना रंग, ना चव.

हयगयीची किंमत भोपाळने दाखवली. युनियन कार्बाइडचा कारखाना १९८४ च्या वायुकांडानंतर बंद झाला. तेथे साठवलेला ३३७ टन कचरा हलवायला २०२५ साल उजाडले, आणि जमिनीत पुरलेला कचरा त्यात नव्हता.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी नियम काढले. संशयित जागेची प्राथमिक तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची आणि दोषी ठरेल त्याने सफाईचा खर्च द्यायचा, असे त्यांचे सूत्र आहे. पण जुना मालक सापडेपर्यंत त्रास नव्या मालकालाच होणार.

म्हणून बयाणा थोडा द्यावा, बाकी रक्कम तपासणीच्या अहवालानंतर द्यावी, आणि अहवाल वाईट आला तर बयाणा परत मिळेल असे करारात लिहून घ्यावे. तसा अहवाल आला तर सौदा मोडून गप्प बसू नये. उताराकडच्या शेतकऱ्याला सांगावे, कारण त्याच्या घरी तेच पाणी पितात.